दोरीवर धावणारा नंदी

श्रावण अमावास्येला पोळा. त्या दिवशी खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, नागपूरची पोरं चाकांवरचे लाकडी नंदी ओढत रस्त्यावर उतरतात. हा तान्हा पोळा.

या प्रथेचं श्रेय नागपूरच्या दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांना दिलं जातं. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६. शेतकऱ्याच्या सणात लेकरांनाही मान मिळावा, ही कल्पना किती मायेची!

खेळणं म्हणूनही नंदी साधा. रिमोटच्या गाडीला बॅटरी, मोटर, सुटे भाग लागतात. खर्च संपत नाही. नंदीला चार चाकं आणि दोरी पुरतात. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू घरीच चढतात. मग सजावटीच्या स्पर्धा, बक्षिसं आणि दारोदार मिळणारा बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ.

त्याच दिवशी शहरातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूकही निघते.