आसाचा भार आणि तबकडीची भुजा

बार्शीकरांना ओझ्याचे गणित नव्याने सांगावयास नको. १८९७ साली कुर्डुवाडीहून या गावी जी अडीच फुटी रेल्वे आली, तिचा कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा याच गणिताचा जाणकार. गाडीचे एकूण वजन किती, हा प्रश्न त्याने दुय्यम मानला. एका आसावर किती पडते, ते पाहिले. कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, असे ठरविताच वारामागे ३० पौंडांचे हलके रूळ पुरेसे झाले. तो अरुंद मार्ग आज उरला नाही. परंतु पुढे एका अगदी निराळ्या यंत्राच्या कारागिरांनाही स्वतंत्रपणे हाच विचार करावा लागला, आणि आजचा आमचा विषय ते यंत्र आहे.

ते यंत्र म्हणजे पेढ्या-कारखान्यांचे हिशेब ठेवणारा मध्यम आकाराचा संगणक. त्याची वही म्हणजे चुंबकीय तबकडी, अर्थात डिस्क. १९५६ साली अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीने रॅमॅक नावाचे यंत्र काढले. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत व ५० लाख अक्षरे मावत. मौज अशी की, या पन्नासांना वाचणारी भुजा मुळात एकच! ती वर-खाली सरकून हव्या त्या तबकडीपाशी शिरे. कोठारात धान्य रगड, पण मापाडी एकटा, अशी ती अवस्था.

१९७८ साली याच कंपनीने सिस्टिम-३८ आणि १९८८ साली ए. एस.-४०० जाहीर केले. (त्याच १९७८ साली तिने भारतातील गाशा गुंडाळला, ती परतली १९९२ मध्ये, टाटांच्या भागीदारीत.) या यंत्रांत कोणती खतावणी कोणत्या तबकडीवर आहे, हे वापरणाऱ्यास पाहावे लागत नसे. यंत्रच माहितीचे तुकडे सर्व तबकड्यांवर पसरून ठेवी. कॅल्थ्रॉपला हे आवडले असते, असे आम्हांस वाटते.

तरीही राखण सुटत नाही. देखरेख करणाऱ्याच्या पडद्यावर प्रत्येक तबकडीपुढे दोन आकडे मुख्य : ती किती टक्के भरली, आणि तिची भुजा किती टक्के वेळ कामात आहे. नवखा पहिल्याकडेच पाही. एकूण साठा ९० टक्के भरताच यंत्र इशारा देई, तेही योग्यच. जागा संपली की कामच बंद. पण रोजचा व्यवहार रेंगाळे तो पुष्कळदा दुसऱ्या आकड्यापायी. भुजा ४० टक्क्यांहून अधिक वेळ गुंतली की मागे रांग लागते, असा जाणत्यांचा ठोकताळा होता. निम्म्याहून अधिक वेळ मोकळी असलेली भुजा अपुरी कशी, असे कोणी विचारील. मागण्या शिस्तीने एकामागून एक येत नाहीत, झुंडीने येतात. बाजाराच्या दिवशी वजनकाट्यापाशी उभे राहिलेल्यास हे वेगळे सांगणे नलगे.

खरी फसगत १९९० नंतरच्या दशकात होऊ लागली. तबकड्या वर्षागणिक मोठ्या झाल्या. चार जुन्यांचा ऐवज एका नवीत मावे. खर्च वाचला म्हणून चालक खूश, पण चार भुजांचे काम एकीवर आले आणि रात्रीचा हिशेब सकाळी खिडकी उघडेतो उरकेना. जागा मुबलक असूनही यंत्र मंद का, हे हिशेबनिसांना कळेना. जुन्यांच्या जोडीस एखादी रिकामी तबकडी लावली, तर नवे लिखाण तिच्याकडेच अधिक धावे. म्हणून जुने ओझे हलवून सर्वांवर सारखे करण्याची आज्ञा पुढे यंत्रातच घालण्यात आली.

आता भुजाच नसलेले, कशाचीही फिरकी नसलेले साठे आले आहेत. त्यांच्या देखरेखीत पहिला आकडा तसाच आहे. दुसऱ्यापेक्षा, प्रत्येक मागणीस किती वेळ थांबावे लागले, हे अधिक बारकाईने मोजतात.