बोर्डिंगची पाटी

गेल्या वर्षी भाड्याने घर शोधत होतो. एका जाहिरातीत लिहिलं होतं, 'फक्त शाकाहारी कुटुंबासाठी'. तांबड्या-पांढऱ्याच्या कोल्हापुरात! तरी फोन केला. नाव ऐकून एजंट म्हणाला, "घर गेलं, साहेब." जाहिरात पुढे महिनाभर तशीच होती.

मित्रांत वाद पेटला. एक म्हणाला, असे शब्द जाहिरातीतून काढायलाच हवेत. दुसऱ्याने विचारलं, "मग दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगचं नावही बदलायचं का?"

प्रश्न टोलवण्यासारखा नाही. शाहू महाराजांनी 1896 मध्ये काढलेलं पहिलं वसतिगृह सर्व जातींसाठी होतं. पाटीवर कुणालाच मनाई नव्हती. पण प्रत्यक्षात तिथे उरले ते ब्राह्मण विद्यार्थीच. मग महाराजांनी वाट बदलली. 1901 मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, 1906 मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी. तिचे अध्यक्ष ते स्वतः झाले. खेड्यातून शिकायला आलेल्या आपल्या पोरांना छप्पर मिळालं. तिथे समाजाचं नाव होतं ते ज्याला दार बंद होतं त्याला आत बोलवायला. जाहिरातीतला 'शाकाहारी' नेमकं उलटं काम करतो.

म्हणून तो शब्द खोडावा, असं मलाही वाटतं. पण 1896 ची आठवण झाली की उत्साह ओसरतो. शब्द खोडल्यावरही एजंट "घर गेलं" म्हणू शकतोच. घटनेच्या 15 व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते आहेत. भाड्याच्या घराचा उल्लेख नाही.

मला घर मिळालं ते ओळखीने, आपल्याच मोहल्ल्यात. त्याची जाहिरात नव्हतीच.