लॉर्ड मेयोचा मीटर आणि करमाडचे स्टेशन

आधुनिक जग कोणी घडवले, असा प्रश्न वर्गात विचारला की उत्तरे ठरलेली येतात. न्यूटन, जेम्स वॉट, नेपोलियन, मार्क्स, गांधी. ही उत्तरे चुकीची नाहीत. पण ज्यांनी जगाला केवळ एक आकडा दिला आणि तो आकडा त्यांच्यामागे शंभर-दीडशे वर्षे टिकून राहिला, अशीही माणसे असतात. रेल्वेच्या दोन रुळांमधले अंतर हा असाच एक आकडा आहे. त्याची गोष्ट इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींपाशी सुरू होते आणि छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला वीस-बावीस किलोमीटरवर असलेल्या करमाडपर्यंत येते.

जॉर्ज स्टीफन्सन (१७८१–१८४८) खाणीवरचा कामगार. उत्तर इंग्लंडात घोड्यांनी ओढायच्या कोळशाच्या गाड्या ज्या अंतराच्या रुळांवर चालत, तेच अंतर त्याने आपल्या इंजिनांसाठी घेतले. ते साधारण ४ फूट ८ इंच होते. पुढे त्यात अर्ध्या इंचाची भर पडली आणि आजचे १४३५ मिलिमीटर हे माप तयार झाले. यामागे कोणतेही खोल गणित नव्हते. इझाम्बार्ड ब्रुनेल हा दुसरा इंजिनिअर मात्र गणित मांडून बसला आणि त्याने ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी ७ फुटांचे अंतर निवडले. त्याच्या गाड्या वेगवान होत्या, डबे ऐसपैस होते. पण ही दोन मापे ग्लॉस्टर येथे एकमेकांना भेटली, तेव्हा प्रत्येक पेटी, प्रत्येक पोते, प्रत्येक गाय एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावी लागू लागली. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. १८४६ मध्ये कायदा झाला आणि स्टीफन्सनचे माप जिंकले. ते श्रेष्ठ होते म्हणून नव्हे, तर त्या मापाचे रूळ आधीच जास्त मैल पसरले होते म्हणून. ब्रुनेलचा शेवटचा रुंद मार्ग १८९२ मध्ये उखडला गेला.

हे सारे प्रकरण ज्याच्या टेबलावरून गेले, अशांपैकी एकाला आपण चांगले ओळखतो. त्या काळी ब्रिटिश सरकारच्या व्यापार खात्याचा प्रमुख होता लॉर्ड डलहौसी. १८४८ मध्ये तो गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला. खालसा धोरणामुळे तो आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. रुळांच्या बाबतीत मात्र त्याचा विचार स्वच्छ होता. अंतर कोणतेही घ्या, पण साऱ्या देशात एकच घ्या, असा त्याचा आग्रह होता. त्याला स्वतःला ६ फूट हवे होते, सल्लागार इंजिनिअरचे म्हणणे ५ फूट ६ इंच होते. ठरले ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी याच मापाच्या रुळांवरून गेली.

मग मीटरगेज कुठून आले? ते लॉर्ड मेयोच्या काळात आले. १८६९ मध्ये तो व्हाइसरॉय झाला तेव्हा तिजोरी आटली होती. रेल्वे बांधणाऱ्या खासगी कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिलेली होती. नफा झाला नाही, तर ते व्याज सरकारी महसुलातून, म्हणजे मुख्यतः शेतकऱ्याच्या साऱ्यातून द्यावे लागे. खर्च वाढला तरी कंपनीचे काही बिघडत नव्हते. मेयोने ठरवले की पुढचे मार्ग सरकारने स्वतः बांधायचे आणि स्वस्तात बांधायचे. १८७० मध्ये अरुंद मापाचा निर्णय झाला. प्रथम ३ फूट ३ इंच असे माप पुढे आले होते. त्याच सुमारास हिंदुस्थानात मेट्रिक मापे आणण्याचा विचार सुरू होता, म्हणून ते किंचित वाढवून नेमके एक मीटर केले. गंमत अशी, की मेट्रिक मापांचा तो बेत कागदावरच राहिला. मीटर आपल्या बाजारात आला तो १९५६ च्या कायद्यानंतर. रुळांवर मात्र तो १८७३ मध्येच, दिल्ली–रेवाडी मार्गावर, येऊन पोचला होता. मेयोला हे पाहता आले नाही. फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात त्याचा खून झाला.

अरुंद मार्ग स्वस्त का पडतो, हे वर्गात सहज दाखवता येते. मैदानावर फक्कीने दोन समांतर रेषा काढा आणि त्यांना काटकोनात वळवा. बाहेरची कमान आतल्या कमानीपेक्षा किती लांब भरते? त्रिज्या कितीही घ्या, उत्तर बदलत नाही: दोन रेषांमधले अंतर गुणिले π/२. १६७६ मिलिमीटरच्या मार्गावर हा फरक सुमारे २.६३ मीटर येतो, मीटरगेजवर १.५७ मीटर. रेल्वेची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, एक जलद आणि एक हळू अशी ती फिरू शकत नाहीत. चाकाची कड थोडी शंकूसारखी उतरती ठेवून हा फरक भरून काढतात, पण त्याला मर्यादा आहे. अंतर कमी असेल तर गाडी अधिक तीव्र वळण घेऊ शकते. मग डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो, भराव अरुंद चालतो, रूळ हलके चालतात. मेयोचा हिशेब खोटा नव्हता.

निजामाच्या राज्यात हैदराबादची पहिली रेल्वे, वाडीकडून आलेली, रुंद मापाची होती. गोदावरी खोऱ्यातली मनमाड ते सिकंदराबाद ही सुमारे ६२० किलोमीटरची लाईन मात्र मीटरगेज झाली. १८९९ ते १९०१ या काळात ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. औरंगाबाद, करमाड, जालना, परभणी, नांदेड सारी याच लाईनवर. नेमका तोच काळ मोठ्या दुष्काळाचा होता. स्वस्त माप नसते, तर ही लाईन त्या वेळी झालीच नसती, असे मेयोच्या बाजूने म्हणता येते आणि आम्हाला ते बरेचसे पटते.

पण मनमाडला मुंबईची लाईन १६७६ मिलिमीटरची. ग्लॉस्टरला जे घडले, तेच इथे घडू लागले आणि ते नव्वदहून अधिक वर्षे चालले. परभणीच्या कापसाची गाठ, जालन्याचे धान्य, मुंबईहून येणारे लोखंड, सारे मनमाडच्या फलाटावर उतरायचे आणि पुन्हा चढायचे. त्यात वेळ जाई, हमाली जाई, माल फुटे, आणि वाघिणी मिळेपर्यंत तो पडून राही. दोष मीटरचा मानू नये. जपान आणि दक्षिण आफ्रिका यांनी १०६७ मिलिमीटरच्या रुळांवरून प्रचंड वाहतूक केली आहे. दोष सांध्याचा होता. डलहौसीला हे कळले होते, आणि मेयोच्या सल्लागारांपुढेही हा आक्षेप आला होता. पण बांधकामाचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. मनमाडच्या फलाटावरची पुढच्या शंभर वर्षांची हमाली त्यात दिसत नाही.

हा आकडा बदलायला झटलेल्या माणसांत एक नाव गोविंदभाई श्रॉफ (१९११–२००२) यांचे आहे. गणित हा त्यांचा विषय आणि शिक्षकी हा त्यांचा सुरुवातीचा पेशा. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ते स्वामी रामानंद तीर्थ यांचे सहकारी होते. पुढे मराठवाडा जनता विकास परिषदेच्या व्यासपीठावरून त्यांनी मराठवाड्याच्या मागासलेपणाचा प्रश्न लावून धरला आणि त्यात मनमाडपासूनच्या रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षे पुढे होती. निवेदने, मोर्चे, आंदोलने झाली. दरम्यान कारखानदारी रस्त्याने आली: चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, १९८० च्या दशकात वाळूजचा दुचाकींचा कारखाना. तेव्हा औरंगाबादला मोठी लाईन नव्हती. म्हणजे रेल्वेवाचून सारे अडले असे नाही. पण अवजड आणि स्वस्त माल, धान्य, खत, सिमेंट, भंगार लोखंड यांना ट्रकचे भाडे परवडत नाही, आणि मराठवाड्याचा माल बहुतेक याच जातीचा.

१९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच माप करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्या वेळी देशात वीस हजार किलोमीटरहून अधिक मीटरगेज होते. आपल्याकडचे काम मनमाडकडून पूर्वेकडे सरकत गेले. रुंद रूळ औरंगाबादला येऊन थांबले तेव्हा सांधाही मनमाडहून औरंगाबादला आला, आणि करमाड काही काळ सांध्याच्या पलीकडेच राहिले. नंतर त्याच दशकात रूळ पुढे सरकले, आणि करमाडच्या फलाटासमोर दोन रुळांमधले अंतर ६७६ मिलिमीटरने वाढले. मुंबईहून निघालेली वाघीण न उतरवता, न चढवता तिथून पुढे जालन्याकडे जाऊ लागली.