रडारबंदी आणि अणुबॉम्बचे गणित

फेब्रुवारी १९४०. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांचा कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन प्रथमच चालला. तरंगलांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, शक्ती मात्र शेकडो वॅट! विमानात मावणारे सेंटिमीटर-तरंगांचे रडार आता आवाक्यात आले.

त्याच विद्यापीठातील ऑटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स हे निर्वासित शास्त्रज्ञ. शत्रुराष्ट्रातून आलेले, म्हणून रडारचे गुप्त काम त्यांना अधिकृतपणे वर्ज्य. अणुबॉम्बचा विचार करण्यास मात्र कोणाचीच आडकाठी नव्हती! मार्चमधील त्यांच्या टिपणानुसार युरेनियम टनावारी नको. शुद्ध युरेनियम-२३५ किलोभरही पुरेल. (हा अंदाज पुढे फारच तोकडा ठरला.) असंख्य नागरिक मरतील, म्हणून ब्रिटनने हे अस्त्र वापरणे कदाचित उचित ठरणार नाही, हेही त्यांनीच नोंदवले.

विभागप्रमुख मार्क ऑलिफंट यांनी टिपण हेन्री टिझर्ड यांच्याकडे धाडले. त्यातून मॉड समिती उभी राहिली.