वॉल्डनकाठची घरघर

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टन शहराच्या वायव्येस, कॉन्कर्ड नावाचे एक गाव आहे. गाव लहान, पण इतिहासात त्याचे नाव मोठे. 19 एप्रिल 1775 रोजी शेजारच्या लेक्सिंग्टनमध्ये आणि कॉन्कर्डच्या नॉर्थ ब्रिजवर तिथल्या शेतकऱ्यांनी इंग्रजी फौजेशी दोन हात केले आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड लागले. पुढे इमर्सन, हॉथॉर्न, ‘लिटल विमेन’ लिहिणारी लुईझा मे ऑल्कॉट अशी माणसे या गावात राहिली. आणि हेन्री डेव्हिड थोरो तर तिथेच जन्मला. 4 जुलै 1845 रोजी तो गावाबाहेरच्या वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला आणि सव्वादोन वर्षांच्या आतबाहेर तिथे राहिला.

हे गाव आपल्याला तसे परके नाही. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला डोईपट्टी देणार नाही, असे म्हणून थोरोने 1846 साली एक रात्र तुरुंगात काढली. त्यावरचा त्याचा निबंध गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला आणि ‘इंडियन ओपिनियन’च्या वाचकांना सांगितला. तेच गांधीजी 1924 साली आपल्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून उभे राहिले. थोरोचे ‘वॉल्डन’ मराठीत आणले ते दुर्गाबाई भागवतांनी; आणि 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या त्याही दुर्गाबाईच. कॉन्कर्डच्या तळ्याचे पाणी कुठवर झिरपले ते यावरून कळावे.

या परिसराच्या डोक्यावर विमानांची घरघर सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. 1941 साली कॉन्कर्ड, लेक्सिंग्टन, लिंकन आणि बेडफर्ड या चार गावांच्या हद्दीत विमानतळासाठी जमीन घेण्यात आली. त्याच वर्षी विमान अपघातात मरण पावलेल्या हॅन्सकॉम नावाच्या वार्ताहराचे नाव विमानतळाला मिळाले. काम लष्करी, वेळ युद्धाची; अशा वेळी जमिनीला नाही म्हणणे कोणालाच शोभले नसते. पण युद्ध संपते, जमीन परत येत नाही. 1974 साली मुलकी विमानतळ बॉस्टनच्या मोठ्या विमानतळाचा कारभार पाहणाऱ्या मॅसपोर्ट या प्राधिकरणाच्या हाती गेला. ज्या कारणासाठी जमीन घेतली ते कारण मागे पडले आणि नवी कारणे एकामागून एक येत राहिली.

गावकरी मात्र गप्प बसले नाहीत. चारही गावांशी झालेल्या वाटाघाटींतून 1978 चा आराखडा आणि 1980 चे नियम आले. नियमित प्रवासी सेवेच्या विमानात 60 हून अधिक आसने नसावीत. रात्री 11 ते सकाळी 7 या वेळेत उतरणाऱ्या-उडणाऱ्या विमानांना जादा आकार पडावा. त्याच साली राज्याच्या विधिमंडळाने एक सल्लागार आयोगही नेमला. 1999 मध्ये एका लहान कंपनीने प्रवासी सेवा सुरू केली तेव्हा गावे आणि नागरिक कोर्टात गेले. 2001 मध्ये अपिलात हरले. पण लढा इतका गाजला, की 2003 साली राष्ट्रीय वारसा-जतन संस्थेने हा सारा परिसर देशातल्या सर्वांत धोक्यातल्या 11 ऐतिहासिक स्थळांत घातला.

एवढे पहारे बसवूनही एक दार उघडेच राहिले. 60 आसनांचा नियम होता तो प्रवासी सेवेसाठी. आठ-दहा आसनांच्या खासगी जेटला त्याची आडकाठी नव्हती. सर्वसामान्यांच्या विमानांना पुढच्या दारी अडवले आणि धनिकांची विमाने बाजूच्या दाराने आत आली! 2023 साली खासगी विकासकांनी तिथे 27 नवे हँगर, म्हणजे सुमारे पाच लाख चौरस फुटांचे बांधकाम, करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा गावे पुन्हा उठली.

विकासकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. हॅन्सकॉमला विमाने ठेवायला जागा नाही म्हणून ती दुसरीकडून रिकामी उडत येतात. इथेच हँगर झाले तर त्या फेऱ्या वाचतील आणि धूरही कमी होईल. विरोधकांनी विचारले, गोठा मोठा केल्यावर गुरे कमी झाल्याचे कोणी पाहिले आहे काय? हवामानबदल रोखण्याची उद्दिष्टे कायद्याने ठरवलेल्या राज्यात मूठभर लोकांच्या सोयीसाठी सार्वजनिक जमीन का द्यावी? एप्रिल 2024 मध्ये काही निदर्शक विमानतळाच्या आवारात शिरले आणि त्यांना अटक झाली. थोरोच्या गावाजवळ कायदेभंग झाला नसता तरच नवल. त्याच साली परिसर पुन्हा धोक्यातल्या स्थळांच्या यादीत आला. आणि जून 2024 मध्ये राज्याच्या पर्यावरण सचिवांनी प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल अपुरा ठरवून परत पाठवला. रिकाम्या फेऱ्या वाचतील हा दावा पुरेसा सिद्ध झालेला नाही, असा त्यांचा निर्वाळा होता.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. ही गावे गरिबांची नव्हेत. चांगली घरे, दारी मोटारी. सुटीत हे लोकही विमानानेच हिंडतात. मग दुसऱ्याच्या विमानाला नाक मुरडण्याचा यांना काय अधिकार? याचे उत्तर थोरोपाशीच सापडते. 1844 मध्ये रेल्वे त्याच्या तळ्याला घासून गेली. तो रुळांवर आडवा पडला नाही. गाडीची शिट्टी त्याने कुतूहलानेही ऐकली. त्याने फक्त हिशेब मांडला. तीस मैलांचे भाडे मिळवायला मजुराला दिवसभर राबावे लागते. तेवढ्या वेळात मी पायी पोचेन! त्याचा प्रश्न वाहनाला नव्हता, किंमत कोण मोजतो याला होता. हॅन्सकॉमचा प्रश्नही तोच आहे. वेळ वाचतो एकाचा. झोपमोड होते दुसऱ्याची. धूर जातो सगळ्यांच्या छातीत.

अहवाल परत गेला म्हणजे लढाई जिंकली असे नव्हे; अपुरा अहवाल पुरा करून पुन्हा आणता येतो. 1980, 1999, 2023 — जवळजवळ प्रत्येक पिढीला त्याच धावपट्टीच्या कडेला पुन्हा उभे राहावे लागले. ठराव, अर्ज, सह्या, तारखा आणि पुन्हा अर्ज यांचा शीण सीमाभागातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. पण आधीच्या पिढीने 1978-80 मध्ये कागदावर काही लिहवून घेतले होते, म्हणून पुढच्या पिढीला बोट ठेवायला एक ओळ तरी मिळाली. 1775 साली नॉर्थ ब्रिजवर बंदुका धरणाऱ्या शेतकऱ्यांइतकेच, सभेत शेवटपर्यंत बसून ती ओळ लिहवून घेणाऱ्यांचे नावही इतिहासाने घेतले पाहिजे.