सत्तर ग्रॅमची गोष्ट

परवा मामाकडे माळा आवरताना एक लाकडी टेनिस रॅकेट सापडली. डनलॉप मॅक्सप्लाय! चार कोपऱ्यांना चार स्क्रू असलेल्या लाकडी चौकटीत घट्ट आवळलेली. "अरे, पावसाळ्यात लाकूड वाकतं, म्हणून प्रेसमध्ये ठेवायचो," मामा म्हणाला.

डोक्यात किडा वळवळला. किचनमधल्या काट्यावर ठेवली, ३८५ ग्रॅम. माझी ग्रॅफाइटची तारांसकट ३१५. फरक फक्त सत्तर ग्रॅमचा, म्हणजे एक बारकासा बटाटा. एवढ्यानं काय होणार?

तर नवीन तारा लावून रविवारी कोर्टवर नेली. चेंडू बरोबर मध्यावर बसला की अहाहा, लोण्यात सुरी! पण जरा बाजूला लागला की रॅकेट हातातच गर्रकन फिरते. तेव्हा कळलं, खरा फरक वजनाचा नाहीच. लाकडी रॅकेटचं तोंड साधारण ६५ चौरस इंच, माझीचं १००. वजन तेवढंच ठेवून रुंदी २० टक्के वाढवली, तर पिळाला होणारा विरोध सुमारे ४४ टक्के वाढतो, कारण इथे रुंदीचा वर्ग मोजला जातो. शिवाय चेंडू तारांवर जेमतेम ५ मिलिसेकंद असतो. लाकूड वाकतं आणि ते सरळ व्हायच्या आत चेंडू निघून गेलेला असतो! ताठ ग्रॅफाइट मुळात वाकतंच कमी, त्यामुळे ताकद वाया जात नाही.

हे गणित बाजारात आणलं हॉवर्ड हेडने. हा मूळचा स्कीवाला. निवृत्तीनंतर टेनिस शिकताना रॅकेट हातात फिरते म्हणून वैतागला, आणि १९७६ मध्ये प्रिन्सची ११० चौरस इंची ॲल्युमिनियमची रॅकेट आली. लोक हसले. १९७८ मध्ये १६ वर्षांची पॅम श्रायव्हर तसलीच मोठ्या तोंडाची रॅकेट घेऊन यूएस ओपनच्या फायनलला पोचली, आणि हसू आटपलं. १९८३ मध्ये यानिक नोआने लाकडी रॅकेटने फ्रेंच ओपन जिंकली. त्यानंतर पुरुषांमध्ये लाकडाने ग्रँड स्लॅम कुणीच जिंकलं नाही.

आणि मग बोर्ग. सलग पाच विम्बल्डन, सहा फ्रेंच ओपन. १९९१ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, तो माँटे कार्लोला परत आला तो चक्क लाकडी रॅकेट घेऊन! जॉर्डी अरेसेने त्याला ६-२, ६-३ असं हरवलं. सगळ्यांनी खापर रॅकेटवर फोडलं. आपल्याकडे नाही का, प्रोजेक्ट फसलं की आधी टूल बदलतात? बोर्गनेही १९९२ मध्ये ग्रॅफाइट हातात घेतली. पण त्या पुनरागमनात तो एकही मॅच जिंकू शकला नाही.

म्हणजे रॅकेट बदलून टाकणं सोपं. पण तिच्याबरोबर वाढलेला हात, मनगट, चेंडूकडे जायची वेळ, हे सगळं कसं बदलणार?

असो. मी दहापैकी सहा चेंडू नेटमध्ये घातल्यावर मामा बाकावरून उठला. वय ६८, गुडघ्याला पट्टा. "आण इकडे," म्हणाला, आणि त्याच रॅकेटने चार बॅकहँड स्लाइस मारले. चारही नेटच्या वर बोटभर.

रॅकेट आता परत प्रेसमध्ये आहे. पण माळ्यावर नाही, मामाच्या दाराशी, बुटांच्या कपाटाजवळ.