संमेलनाच्या मांडवापर्यंत पोहोचलेली विज्ञानकथा

यवतमाळला 1973 मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या आणि 2019 मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. या दोन संमेलनांमधल्या काळात मराठी साहित्याच्या आवारात एका प्रकाराने आपली जागा पक्की केली, तो म्हणजे विज्ञानकथा, अर्थात जिच्यातील मुख्य घटना एखाद्या वैज्ञानिक नियमावाचून किंवा त्याच्या संभाव्य विस्तारावाचून घडूच शकत नाही अशी कथा. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता आणि नारायण धारप यांच्या भयकथांनाही वाचकवर्ग लाभला होता. तरी विज्ञानकथेकडे गंभीर साहित्य म्हणून पाहण्याची सवय समीक्षेला फारशी नव्हती. ती लावण्यात जयंत विष्णू नारळीकर यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांचे बालपण बनारसला गेले, कारण त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वरचनाशास्त्रात संशोधन केले, आणि हे गुरू स्वतः विज्ञान कादंबऱ्या लिहीत असल्यामुळे प्रयोगशाळा आणि कथा यांत वैर नसते हे शिष्याला आयतेच पाहायला मिळाले. 1972 मध्ये भारतात परतून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

मराठी विज्ञान परिषदेने 1974 मध्ये घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. ज्याच्या प्रचंड गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटत नाही ते कृष्णविवर. त्याच्याजवळ काळ दूरच्या निरीक्षकाच्या तुलनेने मंद वाहतो. आपल्या नावाच्या वजनाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतले, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून मजकूर पत्नी मंगला यांच्याकडून उतरवून घेतला. त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी कराडच्या संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली, ही गोष्ट पारितोषिकाहून मोलाची मानावी लागेल.

या कथांचे खरे बळ असे की, त्या मराठी घरातली श्रद्धा किंवा इतिहासाची जुनी जखम हातात घेतात आणि तिला विज्ञानाच्या नियमाने फिरवतात. 'उजव्या सोंडेचा गणपती' मध्ये मूर्तीची सोंड बाजू बदलते, त्यामागे अवकाशाला पडलेला पीळ आहे. पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके जोडली की जी एकाच पृष्ठभागाची मोबियस पट्टी होते, तिच्यावरून एक फेरी मारून आलेल्या आकृतीचे डावे-उजवे उलटते, हे तत्त्व तेथे कामी येते. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत 14 जानेवारी 1761 च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागत नाही, ती त्यांच्या कानाजवळून निघून जाते, आणि एवढ्याशा फरकाने हिंदुस्थानचा सारा पुढचा इतिहास वेगळ्या वाटेला लागतो. न घडलेल्या शक्यतेवर उभ्या राहणाऱ्या अशा लेखनाला पर्यायी इतिहास म्हणतात, आणि पानिपताचे नाव निघताच हळहळणाऱ्या समाजात त्याला इतके योग्य स्थळ दुसरे सापडले नसते. नारळीकरांची पात्रे मात्र पुष्कळदा कल्पनेची वाहक होऊन राहतात, त्यांचे अंतरंग फारसे उघडत नाही. ही उणीव मान्य करूनही त्यांच्या कल्पनेची शिस्त दुर्मीळच म्हणावी लागते.

'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' ही पुस्तके लिहीत असतानाच त्यांनी 1988 मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीची आंतरविद्यापीठीय संस्था उभी केली. साहित्य अकादमीचा 2014 चा पुरस्कार 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला मिळाला, विज्ञानकथांना नव्हे. डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला भरलेल्या 94 व्या संमेलनाचे अध्यक्षपद मात्र विज्ञानकथाकारालाच मिळाले. प्रकृतीमुळे नारळीकर स्वतः त्या मांडवात येऊ शकले नाहीत.